मेमरी कार्डं दुकानात ठेवावीत का? ठेवायची तर कोणती आणि किती?

प्रश्न बार्शीच्या एका मोबाइल-ॲक्सेसरीज दुकानदाराचा आहे. पूर्वी मेमरी कार्डं हातोहात जायची, आता आठवडा उलटतो तरी एक जात नाही. मधूनच कुणीतरी १२८ जीबीचं मागायला येतो, नेमकं तेव्हा ते नसतं. त्यात होलसेलचे भाव २०२५ च्या उत्तरार्धापासून चढतायत. तेव्हा कार्डं बंद करावीत, की भाव आणखी वाढायच्या आत माल भरून ठेवावा?

दोन्ही करू नका. मी पुण्यात स्टोरेजच्या मालाचं वितरण करतो, दोन जीबीचं कार्ड मोठं समजलं जायचं तेव्हापासून. माझं मत असं की मागणी फोनमधून उठून दुसऱ्या उपकरणांत गेली आहे, आणि बरेचसे दुकानदार अजून तिला फोनमध्येच शोधतायत. पुरवठ्याचं म्हणाल तर कार्डाचा भाव कार्डाच्या खपावर कधीच ठरत नाही. या दोन गोष्टी नीट लक्षात घेतल्या तर काय ठेवायचं आणि किती, हे जवळजवळ आपोआप ठरतं.

आधी मागणी. ज्यांनी २०१० च्या आसपास मोबाइलचं दुकान चालवलंय त्यांना तो काळ सांगायला नको. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर, त्यात भक्तिगीतं, लावण्या, नव्या सिनेमांची गाणी, आणि काचेवर पाटी: ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. कार्ड विकण्यापेक्षा भरण्यातच जास्त सुटायचं. कॉपीराइटच्या हिशेबाने तो सगळाच मामला बेकायदा होता, पण कार्डाचा खप त्यानेच उभा केला हेही तितकंच खरं. गिऱ्हाईक जीबी मागत नसे, ‘हजार गाण्यांचं’ मागायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गाणी साठवून ठेवायचं कारणच संपलं. पाट्या उतरल्या.

त्याच वेळी फोनची आतली जागा वाढत होती. आठ-सोळा जीबीच्या फोनला कार्ड लागायचंच. आता १२८ जीबी हा अगदी साधा आकडा झालाय. आयफोनला स्लॉट कधीच नव्हता, सॅमसंगने २०२१ च्या गॅलेक्सी एस२१ पासून वरच्या मालिकेतून तो काढून टाकला. स्वस्त फोनमध्ये स्लॉट टिकला, पण बऱ्याच मॉडेलांत हायब्रिड: दुसरं सिम घाला नाहीतर कार्ड घाला. घरचं एक सिम आणि धंद्याचं एक, अशी सवय असलेला माणूस कार्डासाठी सिम काढत नाही. त्यामुळे फोनच्या गिऱ्हाइकाची वाट बघत कार्डं टांगून ठेवली तर ती टांगलेलीच राहणार.

आता कार्ड मागायला कोण येतो ते बघा. माझ्याकडून माल नेणाऱ्या दुकानांत सगळ्यात जास्त खप आहे तो कॅमेऱ्यांसाठी. घरातला वायफाय कॅमेरा, गोठ्यातला, शेततळ्यावरचा, द्राक्षबागेच्या शेडवर सोलर पॅनलसकट बसवलेला सिमवर चालणारा. या कॅमेऱ्यांना डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा वेगळा डबा, नसतो. रेकॉर्डिंग आतल्या मायक्रोएसडी कार्डात होतं, नाहीतर महिन्याला पैसे भरून क्लाउडवर. आपलं गिऱ्हाईक महिन्याचे पैसे भरायला नाखूश असतं, म्हणजे कार्ड आलंच. कॅमेरा ऑनलाइन मागवलेला असतो, त्यासोबत कार्ड नसतं, आणि हे कळतं ते बसवणारा शिडीवर चढल्यावर. मग माणूस धावत तुमच्याकडे येतो. त्याला दोन दिवस थांबायचं नसतं, त्यामुळे तो ऑनलाइनच्या दराशी फार तुलनाही करत बसत नाही. तुमच्यासाठी यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक नाही.

पण इथेच सगळ्यात जास्त चुकीची कार्डं विकली जातात. साधं गणित करून बघू. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सतत रेकॉर्डिंगला साधारण दोन एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिटने, लिहितो असं धरा. आठ बिटांचा एक बाइट. तासाला ९०० एमबी, दिवसाला साडेएकवीस जीबी. ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं आणि कॅमेरा जुनं पुसून त्यावरच पुन्हा लिहायला लागतो. म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या आसपास वेळा अख्खं कार्ड पुसून लिहिलं जातं. फोनमधल्या कार्डाच्या नशिबी अख्ख्या आयुष्यात एवढं लिखाण नसायचं. कार्डातल्या फ्लॅश चिपेच्या प्रत्येक कप्प्याला पुसून लिहिण्याची मर्यादा असते, आणि स्वस्त कार्डात ती काहीशे वेळांवर येऊ शकते. त्यात वर तापलेला पत्रा आणि सोलापूर जिल्ह्यातला मे महिना. वर्षभरात कार्ड ‘रीड ओन्ली’ झालं, म्हणजे नुसतं वाचता येतं पण लिहिता येत नाही असं झालं, किंवा कॅमेरा ‘कार्ड फॉरमॅट करा’ म्हणायला लागला, तर नवल नाही. गिऱ्हाईक मात्र तुमच्याकडे येऊन म्हणतं, तुम्ही डुप्लिकेट दिलं.

म्हणून कॅमेऱ्यासाठी ‘एन्ड्युरन्स’ प्रकारचंच, म्हणजे सततचं लिखाण सोसणारं कार्ड ठेवा. सॅनडिस्क, सॅमसंग या दोघांकडेही ती मालिका आहे. साध्या कार्डाच्या वॉरंटीच्या अटी एकदा स्वतः वाचा. सतत रेकॉर्डिंगचा वापर त्यात बहुधा वगळलेला असतो, आणि ते गिऱ्हाइकाला विकण्याआधी सांगितलेलं बरं. एन्ड्युरन्स परवडत नसेल तर निदान ६४ ऐवजी १२८ द्या. तेवढंच लिखाण दुप्पट जागेवर पसरतं, त्यामुळे झीज निम्म्यावर येते आणि रेकॉर्डिंग तीनऐवजी सहा दिवसांचं मिळतं. कॅमेऱ्याच्या खोक्यावर कमाल किती जीबी चालतं ते छापलेलं असतं, ते बघितल्याशिवाय २५६ कुणाच्या हातात देऊ नका. गाडीच्या डॅशकॅमचं गणित तेच, उष्णता मात्र जास्त. उन्हात उभी केलेली गाडी काचेमागच्या कार्डाला भाजून काढते.

दुसरं गिऱ्हाईक लग्नाचे फोटोग्राफर आणि ड्रोनवाले. हे लोक पाकिटावरचा मोठा आकडा बघतात आणि फसतात. पाकिटावर ठळक छापलेला वेग वाचण्याचा असतो. शूटिंगला लागतो तो लिहिण्याचा, आणि त्याची हमी असते ‘व्ही’ नावाच्या चिन्हात: व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी सलग. फोरके व्हिडिओ १०० एमबीपीएसने चालू असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला साडेबारा एमबीच लिहिले जातात, म्हणजे व्ही३० पुरून उरतं. त्या वेगाने १२८ जीबीत पावणेतीन तासांच्या वर शूटिंग बसतं. व्ही६०, व्ही९०, किंवा मागे पट्ट्यांची दुसरी ओळ असलेली यूएचएस-टू कार्डं ज्याला खरोखर लागतात तो फोटोग्राफर तुम्हाला सांगतोच, आणि तो ती मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून नाहीतर पुण्यातून आणतो. ती तुम्ही ठेवू नका. सीएफएक्सप्रेस, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यांची महागडी कार्डं, तर अजिबात नको: त्यात टाइप ए आणि टाइप बी वेगळे, एक दुसऱ्यात बसत नाही, आणि एका कार्डात तुमच्या महिन्याभराच्या चार्जर-केबलचं भांडवल अडकतं. ए१, ए२ ही चिन्हं फोनमध्ये ॲप कार्डावर टाकायची असतील तेव्हाच कामाची. फोटोग्राफरला त्यांच्याशी देणंघेणं नाही.

या गिऱ्हाइकाचा हंगाम पंचांगावर चालतो. तुळशीचं लग्न लागलं की खप सुरू, मार्गशीर्ष-माघात जोर, मग उन्हाळी तारखा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत महिनाभर मुहूर्त नाहीत. एप्रिलच्या खपावरून मेची ऑर्डर देणारे यंदा अडकतील.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे कीपॅड फोनवाले आणि भजनाचा स्पीकर घेणारी आजी-आजोबा मंडळी. बऱ्याच कीपॅड फोनना ३२ जीबीच्या पुढचं कार्ड चालत नाही. स्पीकरला तर १६ पण खूप. आणि इथून पुरवठ्याचा विषय सुरू होतो, कारण हेच छोटं कार्ड आता धड मिळत नाही, मिळालं तर त्याचा भाव ६४ च्या जवळ पोचलेला असतो. दुकानदार विचारतात, निम्म्या जीबीला निम्मे पैसे का नाहीत?

कारण चिप निम्मी होत नाही. आजच्या कारखान्यांत निघणारी एक चिप बहुतेक ५१२ गिगाबिटची किंवा एक टेराबिटची असते. आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने ती एकटीच ६४ किंवा १२८ जीबी होते. ३२ आणि १६ जीबीच्या कार्डांना जुन्या, लहान चिपा लागतात, आणि त्या ज्या जुन्या लायनींवर निघतात त्या चालू ठेवण्यात कंपन्यांना रस उरलेला नाही. शिवाय प्लॅस्टिक, कंट्रोलर (चिपेचा कारभार बघणारं छोटं सर्किट), पॅकिंग, वाहतूक, जाहिरात, मधल्या लोकांचा हिस्सा, या सगळ्याचा खर्च दोन्ही कार्डांना सारखाच. म्हणून छोट्या कार्डाचा भाव एका पातळीच्या खाली उतरू शकत नाही. यापुढे कुणी ३२ जीबी फारच स्वस्तात देत असेल तर ते जुनं पडून राहिलेलं तरी असेल नाहीतर गडबडीचं.

आता मूळ भाववाढ. नँड फ्लॅश, म्हणजे कार्डातली मूळ चिप, जगात मोजक्याच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन, आणि चीनची वायएमटीसी. किओक्सिया म्हणजे पूर्वीची तोशिबा मेमरी. ती आणि सॅनडिस्क जपानमध्ये योक्काइची आणि किताकामी इथले कारखाने मिळून चालवतात. बाकी पाकिटावर दिसणारी बहुतेक नावं याच कंपन्यांकडून चिप घेऊन कार्ड बांधतात. आणि या मोजक्या कंपन्यांच्या दृष्टीने कार्ड हे शेवटचं गिऱ्हाईक. आधी डेटा सेंटरचे एसएसडी (याच चिपांचे मोठे ड्राइव्ह), मग फोनच्या आतली मेमरी, मग लॅपटॉप, आणि उरलं तर कार्ड-पेनड्राइव्ह. उजनीच्या कालव्यावर टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेत असलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही: धरण भरलेलं असलं की टेलला पाणी तुंबतं, टंचाई आली की सगळ्यात आधी टेल कोरडं पडतं.

हे चक्र नवीनही नाही. २०१६-१७ मध्ये कारखाने सपाट रचनेवरून थरांच्या, म्हणजे थ्रीडी रचनेकडे वळत होते, उत्पादन घटलं आणि भाव चढले. जून २०१९ मध्ये योक्काइचीत जेमतेम तेरा मिनिटं वीज गेली आणि त्याचे पडसाद बाजारात उमटले. २०२२-२३ मध्ये उलट झालं: करोनाकाळात वाढलेली मागणी ओसरली, गोदामं भरली, भाव इतके पडले की कंपन्यांनीच उत्पादन कापलं. त्या वेळी २५६ चं कार्डही लोक बिनदिक्कत घेत होते. २०२५ च्या उत्तरार्धात एआयसाठी डेटा सेंटर उभारणाऱ्यांनी माल उचलायला सुरुवात केली आणि चक्र परत फिरलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. याच कंपनीने २०१७ मध्ये लेक्सारचा किरकोळ धंदा सोडला होता आणि तो ब्रँड चीनच्या लाँगसिसने घेतला. काउंटरवर माल विकणं त्यांना आतबट्ट्याचं वाटतं, याहून स्पष्ट ते काय सांगणार?

टंचाईच्या काळात आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे लोक फारसं बघत नाहीत. एसएसडीच्या कसोटीला न उतरलेल्या चिपा फेकून दिल्या जात नाहीत. त्या खालच्या दर्जाच्या म्हणून विकल्या जातात आणि कमी नावाच्या कार्डांत, पेनड्राइव्हांत जाऊन बसतात. माल मुबलक असताना बिननावाच्या कार्डातही चांगली चिप मिळून जायची. टंचाईत त्याच पाकिटात, त्याच नावाखाली, काय असेल याचा भरवसा नाही. म्हणून २०२३ मध्ये अमुक ब्रँड चांगला चालला होता हा अनुभव आज लागू धरू नका.

मग भाव वाढणार असतील तर भरून ठेवण्यात चूक काय? चूक गणितात आहे. समजा १२८ चं कार्ड तुम्हाला ७०० रुपयांना पडलं आणि ५० सुटतात. (आकडे उदाहरणाचे आहेत, आजचा रेट समजू नका.) शंभर कार्डं घेतली तर ७०,००० अडकले. तुमचा खप महिन्याला दहा असेल तर ती संपायला दहा महिने. तेवढ्यात दसरा-दिवाळीचे ऑनलाइन सेल येतात, आणि त्या दहा दिवसांत तिथला दर तुमच्या खरेदीच्या खाली जातो, हे दरवर्षी बघताच. कंपनीने अधिकृतपणे दर कमी केला तर फरकाची क्रेडिट नोट मोठ्या डिस्ट्रिब्युटरला मिळते. ती झिरपत तुमच्यापर्यंत आलेली मी क्वचितच बघितली आहे. वाढीचा फायदा मिळवायला तुम्ही मोठा साठा करायचा आणि घसरणीचा मार मात्र एकट्याने सोसायचा, हा सौदा मला पटत नाही. त्याऐवजी पंधरा दिवसांचा खप मोजा आणि तेवढाच माल फिरता ठेवा. रेट व्हॉट्सॲपवर रोज येतो, तो त्याच दिवसापुरता धरा, आणि पाकिटावर मार्करने किंमत लिहायची सवय सोडा.

बिलाशिवायच्या मालाबद्दल. कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे बिनबिलाचा रेट नेहमी मोहात पाडतो. त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जातं हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझी भीती वेगळी आहे. बिनबिलाच्या मालातच ‘फर्स्ट कॉपी’ मिसळते. बनावट कार्ड म्हणजे आतली चिप आठ जीबीची, पण कंट्रोलरला शिकवलेलं असतं की १२८ सांग. फोन, कॉम्प्युटर, सगळे १२८ दाखवतात. आठ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत, त्यापुढे जे लिहाल ते जुन्यावर चढतं किंवा हवेत जातं. फोटोग्राफरला हे लग्नानंतर कळतं. आणि वरच्या हिशेबाने एक कार्ड पदरचं बदलून द्यावं लागलं की चौदा कार्डांचा नफा गेला.

ओळखायचं कसं? होलोग्राम आणि छपाई बघून ओळखतो असं म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. छपाई आता फार चांगली करतात. पाकिटावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असणं हे आयात मालाला कायद्याने सक्तीचं आहे. ते नसेल तर माल परत. पण ते स्टिकरही छापता येतं, म्हणून खरी कसोटी एकच: कार्ड पूर्ण भरून परत वाचणं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफथ्री नावाची फुकट साधनं हेच करतात. १२८ जीबी सेकंदाला २० एमबीने लिहायलाच पावणेदोन तास लागतात, वाचायचे वेगळे, म्हणून रात्री दुकान बंद करताना लावून जा. प्रत्येक पाकीट फोडता येत नाही हे उघड आहे. नवीन माणसाकडून माल घेतला की पहिल्या लॉटमधलं एक फोडा, तपासा, आणि ते दुकानाच्याच कॅमेऱ्यात घाला. आणि एक खोटा गजर टाळा: १२८ चं कार्ड विंडोजवर ११९ दिसतं ते बनावट म्हणून नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ६४ चं तिथे साडेएकोणसाठ दिसतं.

तेव्हा बार्शीच्या दुकानासाठी माझी यादी लहान आहे. एन्ड्युरन्सची ६४ आणि १२८, यातली १२८ जास्त. साधी मायक्रोएसडी १२८, ॲडॅप्टरसकट, थोडी. ही टॅब, ड्रोन, उरलेसुरले फोन सगळ्यांना चालते. ३२ ची चार-सहा नग, स्पीकर आणि कीपॅड फोनसाठी, जास्त नाही. फोटोग्राफर तुमच्याकडे नेहमी येत असतील तर पूर्ण आकाराची व्ही३० एसडी, ६४ आणि १२८, फक्त मुहूर्तांच्या महिन्यांत. ५१२ आणि एक टीबी ऑर्डरवर, आगाऊ पैसे घेऊन. कुणाचा मुलगा परदेशातून निन्टेन्डो स्विच टू हे गेम खेळायचं यंत्र घेऊन आला तर त्याला मायक्रोएसडी एक्सप्रेस लागतं, साधं कार्ड त्यावर खेळ साठवायला चालत नाही. त्याला पुण्याला पाठवा.

आणि कार्ड सुटं विकू नका. कॅमेऱ्यासाठी आलेल्या माणसाला कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून, ॲपमध्ये रेकॉर्डिंग सुरू झालेलं दाखवून द्या आणि त्या पाच मिनिटांचे वेगळे पैसे घ्या. सुट्या कार्डाच्या भावाची ऑनलाइनशी तुलना होते, चालू करून दिलेल्या कॅमेऱ्याच्या कामाची होत नाही. शहरातल्या कॅमेरे बसवणाऱ्या दोन-तीन पोरांशी बोलून ठेवलंत तर पंधरवड्याचा खप त्यांच्याकडूनच कळतो, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

बिलावर कार्डाचा प्रकार आणि त्यावरचा नंबर लिहा, कारण बदलून मागायला येणारं कार्ड तुमच्याकडचंच असेल असं नाही. वॉरंटीत नवं कार्ड मिळतं, आतले फोटो मिळत नाहीत, हे विकतानाच बोलून घ्या. कुणी ‘आतलं परत काढून द्या’ म्हणत बंद पडलेलं कार्ड घेऊन आला तर स्वतः प्रयोग करू नका. त्यावर काहीही न लिहिता, फॉरमॅट न करता, डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा आणि खर्च किती येईल ते त्यालाच गिऱ्हाइकाला सांगू द्या.